म्हणे एकाच पुस्तकाच्या तीन प्रती

इकडे या. असं दारातून काय विचारताय, आत येऊन बसा. चपला राहू द्या पायात, फरशी काही सोन्याची नाही. पाणी प्या आधी. आता सांगा, परवा फोनवर काय विचारलंत मला? "अक्का, ते इटलीतलं जुनं महाकाव्य आहे ना, नरक-स्वर्गाचं, त्याचं सगळ्यात चांगलं इंग्रजी भाषांतर कोणतं? नाव सांगा, मागवून टाकतो." मागवून टाकतो म्हणे. कुकर मागवताय का? कुकरसुद्धा घेताना तुम्ही झाकण लावून बघता. इथं सातशे वर्षांपूर्वीचा माणूस आपलं काळीज काढून ठेवून गेलाय, आणि तुम्हाला एका वाक्यात नाव पाहिजे.

रागावले म्हणून उठू नका. तुमच्यावर माझा निम्माच राग आहे. उरलेला कुणावर आहे, ते लिहायलाच मी ही पानं मागून घेतलीत. संपादकांना वाचनालयातल्या नोकरीच्या गोड आठवणी हव्या होत्या. माझ्याकडं गोडही आहेत. पण ह्या वर्षी त्या लिहायला हात उचलत नाही.

मी जळगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात होते. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच बसतात, आणि मला भाजीला त्याच रस्त्यानं जावं लागतं. माझी शाळा मॅट्रिकला संपली. लागले ती पुस्तकं झटकायला आणि फाटकी पानं चिकटवायला, आणि निवृत्त झाले ग्रंथपालाच्या खुर्चीतून. मधलं शिक्षण कपाटांमधल्या बोळात झालं. इंग्रजी मी शब्दकोशाशी भांडून शिकले. अजूनही लांब वाक्य आलं की मोठ्यानं वाचते, त्यातलं थोडं कानाला कळतं, थोडं डोक्याला, आणि काही तसंच राहतं. त्याची मला लाज नाही.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून हे काव्य काय आहे ते सांगते. कवी स्वतःच त्यात चालत नरकात उतरतो, मग एक डोंगर चढतो, मग वर स्वर्गात जातो. वाटेत मेलेली माणसं भेटतात, आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. त्या काळी तिकडं मोठं लिखाण लॅटिनमध्ये करायचे, आपल्याकडं पूर्वी संस्कृतात करायचे तसं. ह्या माणसाला लॅटिन उत्तम येत होतं. तरी त्यानं आपल्या मुलखात बायका भाजी घेताना बोलायच्या त्या बोलीत लिहिलं. तीन-तीन ओळींची कडवी, एकाचं यमक दुसऱ्यात अडकवलेलं, अशी शेवटपर्यंत साखळी. इंग्रजीत ही साखळी करायला गेलं की यमकं पुरत नाहीत. मग भाषांतर करणारा एकतर यमक सोडतो, नाहीतर यमकासाठी अर्थ पिळतो. सगळं भांडण इथून सुरू होतं.

आमच्याकडं नरकाच्या भागाची तीन इंग्रजी भाषांतरं होती. मी त्यांना रंगानं ओळखायची. लाल एका मिशनच्या शाळेनं जागा बदलताना दिलेलं. यमकात बांधलेलं, जुन्या इंग्रजीतलं, वाचताना छाती भरून यायची. निळं रेल्वेतल्या एका इंजिनिअरसाहेबांच्या घरून भेट आलेलं, ते वारल्यावर. त्यात डाव्या पानावर मूळ इटालियन, उजव्या पानावर साधं गद्य, आणि खाली बारीक टिपा. टिपा तळाशी असल्या की बोट पानावरून हलवावं लागत नाही. मागं असल्या की माणूस दोनदा उलटून बघतो आणि तिसऱ्यांदा सोडून देतो. पिवळं मात्र आम्ही विकत घेतलेलं, त्या वर्षी यादी करायला माझ्याशिवाय कुणी थांबलं नव्हतं म्हणून. त्यात यमक नाही, पण माणसं बोलताना माणसांसारखी बोलतात. मधेच एखादी उपमा त्यानं पदरची घुसडलीय, हे मला फार उशिरा कळलं. तेही सोनवणे सरांनी दाखवलं तेव्हा.

सोनवणे सर जामनेरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. मूळचे पिंपळनेरकडच्या एका खेड्यातले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीनं जळगावला यायचे, घामेजलेले, हातात पिशवी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अक्का, तिन्ही द्या."

"तिन्ही कशाला? एका कार्डावर एकच मिळतं. लाल न्या, त्यात यमकं आहेत."

"यमकं राहू द्या. मला तो माणूस काय बोलला ते पाहिजे."

"मग तिथं टेबलावर बसा आणि वाचा. वर पंखा चालू नाही, आधीच सांगते."

ते बसले. दर शनिवारी बसायला लागले. तिन्ही पुस्तकं उघडी, एकाच जागेवर, आणि हे एका ओळीवर एवढा वेळ थांबायचे की मला वाटायचं डोळा लागला. शेवटी एकदा मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, की सर, परीक्षाबिरीक्षा देताय का ह्या वयात?

"नाही हो. आईला ऐकवायचंय."

"आईंना इंग्रजी येतं?"

"आईला अक्षर येत नाही. मी अहिराणीत करतोय." मग म्हणाले, "तिचे कान चाललेत अक्का. डॉक्टर म्हणाले, हळूहळू पूर्ण जातील. मशीन आणलं, तर ती म्हणते त्यामा भांडा वाजतस. काढून डब्यात ठेवलंय."

"मग सर, आईंना नरक कशाला ऐकवताय? चांगलं काही ऐकवा. बुद्धवंदना ऐकवा."

"वंदना तिला पाठ आहे, ती तिची ती म्हणते. हे कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय तिला मिळणार नाही." कपातला चहा निवत होता, तिकडं लक्ष नाही. "लहानपणी मी वर्गात 'आहे'च्या जागी 'शे' म्हणालो की गुरुजी थोबाडीत द्यायचे. आज मीच पोरांना म्हणतो, शुद्ध बोला. आणि हा माणूस बघा, मोठी भाषा येत असून घरच्या भाषेत लिहून गेला. एक तरी मोठं पुस्तक आईला तिच्या बोलीत ऐकवायचंय. तिला ऐकू येतंय तोवर."

तेव्हापासून मी तिन्ही पुस्तकं शुक्रवारीच काढून ठेवायला लागले.

त्यांची कामाची रीत सांगते, कारण पुढचा सगळा राग त्या रीतीशी जोडलेला आहे. सरांना इटालियन येत नव्हतं. ते म्हणायचे, "तिघं जण तिथं जाऊन आलेत, मी गेलो नाही. मग तिघांना वेगवेगळं विचारायचं." तिघांचं जुळलं की बेधडक लिहायचे. नाही जुळलं की निळ्याच्या टिपा बघायच्या. पिवळ्यात जास्तीचं काही आलंय का ते निळं सांगायचं. निळ्यात माणूस थंड पडला की पिवळं त्याच्यात जीव घालायचं. आणि लाल? लालचा उपयोग मला वाईट वाटू नये म्हणून सांगायचे, "अक्का, लाल वाचलं की चाल मिळते." मला अजूनही लाल आवडतं. पण नुसत्या लालवरून अहिराणी करणं म्हणजे लग्नातला शालू नेसून शेणगोठा करणं, हे मला त्यांच्या टेबलाशी बसून कळलं.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी साक्रीला मावसबहिणीकडं गेले होते. सरांचं गाव तिथून जवळच, ते मला घरी घेऊन गेले. आई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. बारीक अंगाच्या, डोळे चलाख. मला म्हणाल्या, "ये माय, बस. मोठ्यानं बोल, बरं. हाऊ मन्हा आंडोर गुळगुळ बोलस." म्हणजे, माझा हा मुलगा तोंडातल्या तोंडात बोलतो.

सरांनी एक जागा निवडली होती. नरकात एके ठिकाणी उघड्या थडग्यांचं रान आहे. एका थडग्यातून एक बाप डोकं वर काढतो. कवी त्याच्या मुलाचा मित्र. बाप कवीच्या आजूबाजूला बघतो, की मुलगा बरोबर आलाय का. नसतो. तो विचारतो, माझा मुलगा कुठाय, जिवंत आहे ना? कवीला उत्तर द्यायला जरासा वेळ लागतो. तेवढ्या वेळात बाप समजतो की मुलगा गेला, आणि मागं कोसळतो, पुन्हा वर येत नाही. मुलगा तर जिवंत असतो. एवढंच आहे. सहा-सात कडवी.

सरांनी हीच जागा आधी लालवरून केलेली वाचली. आई शेंगा फोडतच राहिल्या. "हाऊ कोन शे? किर्तनवाला का?"

मग निळ्यावरून केलेली. आईंनी मान हलवली. "समजनं. पन त्याना गया दाटना नही." बापाचा गळा दाटला नाही, म्हणाल्या.

मग तिन्ही समोर ठेवून, कितीतरी शनिवार घालून केलेली. सर हळू आवाजात वाचत होते, कारण ती जागाच हळू आहे. आईंचे हात थांबले. वाचून झालं. आणि आई सरांकडं बघून म्हणाल्या, "मंग? त्याना आंडोर जित्ता शे का नही?"

बापाचा प्रश्न त्यांच्या तोंडून आला होता. मी आयुष्यभर पुस्तकं दिली-घेतली. भाषांतर उतरलं म्हणजे काय झालं, ते त्या ओट्यावर बघितलं. परत येताना एसटीत सर म्हणाले, "अजून दोन वर्षं लागतील पहिला भाग व्हायला. कान तेवढे राहिले पाहिजेत." मी म्हटलं, राहतील. मला काय ठाऊक होतं.

आता त्या गोष्टीकडं येते.

लेकीचं बाळंतपण धुळ्याला होतं. मी रजेवर गेले. त्याच काळात आमच्याकडं सगळी पुस्तकं संगणकात चढवायचं काम निघालं. कंत्राटावर माणसं आली, हुशार होती, भराभर बोटं चालवायची. त्या संगणकात पुस्तकाच्या नावाला रकाना होता, लेखकाला होता, किमतीला, कपाटाला, सगळ्याला होता. भाषांतर करणाऱ्याला रकाना नव्हता. कुणाला सुचलंच नाही. मग पडद्यावर काय दिसलं? एकच नाव, एकच कवी, तीनदा. संगणकानं तिन्हींसमोर शिक्का मारला: दुबार प्रती. आणि कपाटं तर भरलेली, नवी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवायला जागा पाहिजे. समितीची बैठक झाली. ज्याच्या जास्तीच्या प्रती आहेत त्यातली एक ठेवायची, बाकी काढायच्या, असं ठरलं. काढायच्या म्हणजे तोलून रद्दीत.

तीनपैकी कोणतं ठेवलं, विचारा. लाल. का? कारण त्याची बांधणी चांगली होती. आमचे बाइंडर रशीदभाई, पिढीजात काम, त्यांनी ते खिळखिळं झालेलं पुस्तक मागं कधीतरी नव्यानं बांधून दिलं होतं, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवून. काचेच्या कपाटात शोभतं म्हणून ते राहिलं. निळ्याची पाठ उसवली होती, पिवळं तर कागदी पुठ्ठ्याचं. एकानंही एक पान उघडून बघितलं नाही. तीन भाषांतरांतून निवड अशी झाली, माझ्या वाचनालयात.

रशीदभाईंना कळलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "अक्का, म्हणजे मी पुठ्ठा नीट बांधला म्हणून बाकीचे दोन गेले?"

"तुमचा काय दोष त्यात?"

"दोष नाही, पण निळ्याची शिलाई मला द्या म्हणून मीच मागं लागलो होतो. तुमच्या समितीनं म्हटलं, ह्या वर्षी नको." ते रद्दीवाल्याकडंही जाऊन आले होते. माल केव्हाच पुढं गेला होता, कागदाच्या कारखान्याकडं.

मी अध्यक्षांकडं गेले. त्यांना सगळे नाना म्हणतात. वाईट माणूस नाही, वाचनालयाला पाण्याची टाकी त्यांनीच दिली. पेपर वाचत बसले होते.

"नाना, ती दोन पुस्तकं का काढली?"

"कोणती दोन? एकाच बुकाच्या तीन प्रती होत्या, अक्का. नियमात बसतं."

"ती तीन वेगळ्या माणसांनी केलेली होती."

"केली असतील. मूळ एकच ना?"

"भरताचं वांगंही एकच असतं. तुमच्याकडचं भरीत, माझ्याकडचं आणि हॉटेलातलं एकच लागतं का?"

नानांनी पेपर खाली ठेवला. "नाही लागत. पण तिन्ही एका जेवणात खाल्ली तर पोट बिघडतं." आणि हसले. खोलीतले बाकीचेही हसले.

मी म्हटलं, "एक माणूस दर शनिवारी जामनेरहून येतो त्या पुस्तकांसाठी."

"एक माणूस," नाना म्हणाले. "अक्का, एका माणसासाठी कपाट अडवायचं? आणि आता फोनवर सगळं फुकट मिळतं. त्याला सांगा फोनवर बघ."

ह्यावर मी काय बोलले ते इथं छापणार नाहीत. तुम्ही समजा. पण एक गोष्ट मला अजून जाळते. नाना चुकीचं वागले असं त्या खोलीत एकालाही वाटलं नाही. तिथं दोघं शिक्षक होते, एक वकील होता. भाषांतर करणारा माणूस त्यांच्या लेखी नव्हताच. जणू पुस्तक आपलं आपणच एका भाषेतून दुसरीत चालत जातं.

सरांना मीच सांगितलं. ते आले, टेबलावर एकच लाल पुस्तक बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आरडाओरडा करतील. बरं वाटलं असतं मला. ते म्हणाले, "असू द्या अक्का. बघतो काही जमतं का." मी म्हटलं, "सर, रागवा की." तर म्हणाले, "रागवून कुणाला सांगू?" त्या शांतपणाचा मला नानांपेक्षा जास्त राग आला. अजून येतो. ज्यांनी भांडायला पाहिजे ती माणसं "असू द्या" म्हणतात, म्हणून ही कपाटं अशी रिकामी होतात.

मग मी नवी मागवायच्या मागं लागले. पुरवठादाराला दोन्ही भाषांतरकारांची नावं लिहून दिली, स्वच्छ अक्षरात. महिने गेले. एक दिवस पुडकं आलं. उघडलं, तर गुळगुळीत कव्हर, त्यावर जळणारा डोंगर, कवीचं नाव हे एवढं मोठं. आत बघते तर भाषांतर करणाऱ्याचं नाव कुठंच नाही. पहिल्या पानावर नाही, मागं नाही. ओळी मधेच तुटलेल्या, जुन्या पुस्तकाचे पानांचे आकडे कवितेच्या पोटात घुसलेले. कुणीतरी जुनं पुस्तक यंत्राखाली धरलं होतं आणि जे निघेल ते छापलं होतं. मी फोन लावला.

"हे इंग्रजी कुणी केलंय?"

"अक्का, कवीचं नाव आहे ना वर."

"कवीला इंग्रजी येत नव्हतं. तो मेला तेव्हा त्याच्या गावात इंग्रजी कुणी ऐकलंसुद्धा नसेल. मग हे लिहिलं कुणी?"

"कंपनीनं लिहिलं असेल ना."

म्हणून तुम्हाला सांगते, फोनवर नाव विचारणाऱ्यांनो. पुस्तक हातात आलं की आधी ज्यानं ते आपल्या भाषेत किंवा इंग्रजीत आणलं त्याचं नाव शोधा. नसेल तर दुकानात तसंच परत ठेवा, फुकट देत असतील तरी. मग मधलं असं पान उघडा जिथं कुणीतरी बोलतंय, आणि मोठ्यानं वाचा. दुकानदार बघत असला तर बघू द्या. तो माणूस कीर्तन करतोय, निवेदन देतोय, की बोलतोय, ते तुमच्या कानाला कळेल. एकावर भागत नसेल तर दोन घ्या. मला कोणतं चांगलं ते विचारू नका. कशासाठी हवंय ते सांगा, मग बोलू.

त्या काळात सर फोनवरून आणि लालवरून करत राहिले. फोनवर जे फुकट मिळायचं ती सगळी लालचीच भावंडं, जुनी, यमकात नाहीतर तशाच भारदस्त भाषेतली. निळ्यासारखं मूळ आणि टिपा एका पानावर असलेलं नाही, पिवळ्यासारखं बोलणारं नाही. तरी त्यांनी एक तुकडा केला आणि आईंना वाचून दाखवला. पुढच्या वेळी आले तेव्हा पिशवी टेबलावर ठेवून नुसते बसून राहिले. मी विचारलं, आई काय म्हणाल्या?

"म्हणाली, मांगे जो बोलना, तो मानूस कथा गया?" मग मला मराठीत सांगितलं, जसं काही मला कळलं नव्हतं. "मागं जो बोलत होता तो माणूस कुठं गेला, असं विचारते ती."

त्यानंतर त्यांनी शनिवारी येणं सोडलं.

मी बैठकीत भांडले. भाषांतरकाराचा रकाना करून घेतला, निवृत्त होण्याआधी तेवढंच एक काम पदरात पडलं. मागं एकदा सहज जाऊन बघितलं. नवीन आलेली मुलगी त्या रकान्यात सरसकट "लागू नाही" भरत होती. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "मावशी, रिकामा ठेवला तर पुढं जात नाही ते." मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि दुपारभर एकेक पुस्तक उघडून तिला नावं सांगत गेले. आता दर मंगळवारी जाते. नाना मला बघून न बघितल्यासारखं करतात. करू द्या.

निळं शेवटी मिळालं. धुळ्याच्या एका वाचनालयातली माझी मैत्रीण, तिच्याकडं ते होतं, कुणी न उघडलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. तिनं आपल्या जबाबदारीवर काढून दिलं. पिवळं मी स्वतः मागवलं, नाव बघून. दोन्ही घेऊन मी पिंपळनेरची बस पकडली. सर आता निवृत्त होऊन गावीच असतात. पुस्तकं बघून त्यांनी ती कपाळाला लावली, आणि दुसऱ्याच दिवसापासून बसले.

पण मधला काळ कुणी परत देत नाही. त्यात आईंचे कान गेले. उजव्यात काहीच नाही. डाव्यात सकाळच्या वेळी, अगदी जवळून, मोठ्यानं बोललं तर काही पोचतं.

गेल्या महिन्यात मी पुन्हा जाऊन आले. पहिला भाग झालाय. पूर्ण. सर सकाळी ओट्यावर आईंच्या डाव्या कानाशी बसून ओरडून वाचतात. गल्लीतली माणसं थांबतात, दूधवाला थांबतो, पोरांना वाटतं भांडण चाललंय. मी होते त्या दिवशी आईंनी स्वतःच थडग्यातल्या बापाची जागा मागितली. ती त्यांच्या ध्यानात होती. सर माझ्याकडं वळून म्हणाले, "ही ओरडायची जागा नाही हो अक्का. तो बाप ओरडत नाही तिथं." आणि मग ओरडले. काय करणार. माझा मुलगा कुठाय, जिवंत आहे ना, हे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

आईंनी विचारलं, "काय म्हनना?" सरांनी पुन्हा सांगितलं. आईंनी पुन्हा विचारलं. सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, गळ्याच्या शिरा ताणून. मग आईंनी मान हलवली आणि हसल्या. मला ती मान ठाऊक आहे, मीही आता त्या वयाकडं चाललेय. समोरच्याला पुन्हा सांगायला लागू नये म्हणून आपण ती मान हलवतो.

म्हणून तुम्हाला बोलावतेय. जळगावला माझ्याकडं उतरा, मग आपण बसनं पिंपळनेरला जाऊ. सरांना कुणीतरी समोर हवंय, ज्याला ती जागा जशी हवी तशी, हळू वाचून दाखवता येईल. मी त्यांना किती पुरणार, मला तर ती आता पाठ झालीय. तुम्ही पहिल्यांदा ऐकाल. आई शेजारीच बसतात, आणि त्यांना ऐकू येत नसलं तरी नजर अजून पक्की आहे. सर वाचत असले की त्या ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहतात. त्यांना त्यातनं बरंच कळतं. तेव्हा तुम्ही या, त्यांच्या समोर बसा, आणि दिवाळीच्या पुढं ढकलू नका.